दोन मोहल्ल्यांमधला रस्ता

लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. मधोमध जगदंबेचं देऊळ, त्याभोवती दुमजली गोल इमारत आणि तिथून चाकाच्या आऱ्यांसारखे सुटलेले बाजार. एका रस्त्यावर सराफ, एकावर चपला, कुठे मिरची, कुठे गूळ. नगररचनाकार फैयाजुद्दीन यांनी हा आराखडा आखला आणि १९१७ मध्ये मधली इमारत उभी राहिली. लातूर तेव्हा निजामाच्या राज्यातलं व्यापारी गाव होतं. बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी तिथे १९११ मध्ये पोचली होती. मोटार मात्र क्वचितच दिसायची. त्यामुळे गोलाईचं सगळं गणित माणसाच्या पायांचं आहे. मिरचीच्या रस्त्यावरून सराफ्यात जायचं तर माघारी फिरून दुसऱ्या कुठल्या मोठ्या रस्त्याला लागायची गरज नाही. गोल धरून चालत राहायचं, हवा तो बाजार समोर येतोच. डोक्यावर पोतं असलेला हमाल आणि कडेवर पोर असलेली बाई यांना परवडेल एवढंच अंतर.

या आखणीत आणखी एक गोष्ट साधली गेली, ठरवून की आपोआप ते सांगणं अवघड आहे. गोलाई कुठल्याच एका गल्लीच्या मालकीची झाली नाही. लिंगायत व्यापारी, मारवाडी पेढ्या, मुसलमान कारागीर, आजूबाजूच्या खेड्यांतून आलेले कुणबी, सगळे आपापल्या आऱ्यावरून मध्यावर येतात आणि दुसऱ्याच्या आऱ्यावरून परत जातात. जाताना दोन शब्द होतात, उधारी होते, सोयरिकीच्या गोष्टी निघतात. शहरातल्या लोकांनी एकमेकांत मिसळावं म्हणून कुणी भाषण केलं नव्हतं. रस्ताच तसा होता.

आज त्याच गोलावर ऑटो, दुचाक्या, हातगाडे आणि माल उतरवणारे टेम्पो एकमेकांत अडकलेले असतात. गोल धरून चालायचं म्हटलं तर दर सोळाव्या हिश्शाला एक रस्ता ओलांडावा लागतो, आणि वळणाऱ्या गाडीचा चालक पायी माणसाकडे बघत नाही. बाजार अजूनही दणक्यात चालतो. पण लोक आता एका कामाला येतात, तेवढं उरकतात आणि निघतात.

हे पुस्तक नांदेड आणि लातूर या दोन शहरांतल्या पायी वाटांबद्दल आहे. फूटपाथ किती किलोमीटर झाले, पेव्हर ब्लॉक किती बसले, गुत्तेदाराचं बिल कितीचं निघालं, हे कागदावर सापडतं. कोणती वस्ती कोणत्या वस्तीला पायी जोडली गेली, हे सांगणारा कागद सहसा सापडत नाही. चालणाऱ्याचा रस्ता त्याच्या दारातून निघतो आणि ज्या दारी जायचं तिथे संपतो. मधे एका ठिकाणी तुटला की सगळाच गेला. वस्तीच्या आत गल्ल्या बऱ्यापैकी चालत्या असतात, तिथे गाड्यांनाच घुसायला जागा नसते. वाट तुटते ती दोन वस्त्या जिथे एकमेकींना टेकतात तिथे: रुळांवर, पुलावर, नाल्याच्या उघड्या ढाप्यावर, चार पदरी रस्त्याच्या दुभाजकाशी. पैसा मात्र खर्च होतो सरळ, रुंद, फोटो चांगला येईल अशा पट्ट्यांवर. माझं म्हणणं एवढंच की शहर जोडायचं असेल तर आधी सांधे बघायला हवेत. पट्टे नंतर बघता येतील.

नांदेडमध्ये हे फार स्पष्ट दिसतं, कारण या शहराला निसर्गाने आणि निजामाच्या रेल्वेने दोन ठिकाणी कापलं आहे. दक्षिणेला गोदावरी. उत्तरेला विसाव्या शतकाच्या आरंभी आलेली मनमाड–सिकंदराबाद लाइन. या दोन रेघांच्या मधे जुनं गाव: किल्ला, इतवारा, चौफाळा, जुना मोंढा आणि सचखंड गुरुद्वारा. रुळांच्या पलीकडे शिवाजीनगर, गोकुळनगर आणि पुढे तरोड्यापर्यंत पसरलेलं शहर. नदीच्या पलीकडे कौठा, सिडको, हडको, वाघाळा आणि विष्णुपुरीला अभियांत्रिकी महाविद्यालय व विद्यापीठ. २०११ च्या जनगणनेत नांदेड-वाघाळा महापालिकेची लोकसंख्या साडेपाच लाखांच्या घरात होती. एवढी माणसं या तीन पट्ट्यांत वाटली गेली आहेत, आणि एका पट्ट्यातून दुसऱ्यात पायी जाण्याच्या धड जागा बोटांवर मोजाव्यात इतक्याच.

या शहराची सर्वांत जुनी पायी वाट मात्र अजून रोज वापरात आहे. गुरू गोविंदसिंगजींचं १७०८ मध्ये इथे देहावसान झालं. महाराजा रणजितसिंगांच्या काळात, १८३२ ते १८३७ दरम्यान, आजच्या सचखंडाची इमारत बांधली गेली. गुरुद्वाऱ्यातल्या तख्ताच्या स्नानासाठी गोदावरीचं पाणी गागरीतून आणायचा रिवाज आहे. उजाडायच्या पुष्कळ आधी सेवेकरी नदीवर जातो आणि गागर भरून परत येतो. दसरा, दिवाळी आणि होळीला निघणारी ‘हल्ला’ नावाची धावती मिरवणूक तर सगळ्या शहराला ठाऊक आहे. निशाणसाहेब, घोडे, निहंग आणि मागे धावणारी माणसं. त्या धावेवरून एका चौकाचं नावच हल्लाबोल चौक पडलं. वर्षातले हे थोडे दिवस सोडले तर त्या रस्त्यांवर धावायची काय, रमतगमत चालायचीही सोय नाही, याकडे कुणी फारसं लक्ष देत नाही. उत्सवात रस्ता माणसांना मिळतो आणि दुसऱ्या दिवशी परत घेतला जातो.

२००८ च्या ऑक्टोबरात गुरुतागद्दीची, म्हणजे ग्रंथसाहिबांना गुरुपद दिल्याची, त्रिशताब्दी झाली. त्याआधी, डिसेंबर २००५ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या जवाहरलाल नेहरू नागरी पुनरुत्थान अभियानात नांदेडचा समावेश झाला होता, तोही मोठं शहर म्हणून नव्हे, तीर्थस्थळ म्हणून. देशभरातल्या महानगरांच्या पंगतीत हे शहर अचानक बसलं. रस्त्यांचा नव्याने विचार झाला, आणि त्या काळात हे दुर्मीळ होतं की आराखड्यात केवळ गाड्यांच्या पदरांना जागा नव्हती. दिल्लीचे वास्तुरचनाकार आकाश हिंगोराणी यांच्या चमूने जे रस्ते आखले त्यांत पादचारी, सायकलवाले, ऑटोचे थांबे, झाडं आणि फेरीवाले यांना आपापली जागा दिली होती. पदपथ हे पावसाळी गटारावरचं झाकण नसून रस्त्याचा हक्काचा भाग आहे, हे मराठवाड्यात तेव्हा पहिल्यांदा एवढ्या मोठ्या प्रमाणात कागदावर उतरलं. देशात पादचाऱ्यांवर लिहिणारी मंडळी त्यानंतर नांदेडचं उदाहरण देऊ लागली.

आता त्यांपैकी काही रस्त्यांवरून चालून बघा. जागा आहे, रुंदीही आहे. फक्त ती वेगळ्याच कामाला लागली आहे. दुचाक्या लावलेल्या, दुकानाचा माल मांडलेला, मधेच रोहित्र, मधेच शुभेच्छांचा फलक. याला लोकांची बेशिस्त म्हणून मोकळं होणं सोपं आहे. मला ते पुरेसं वाटत नाही. ज्या पदपथावरून कुणालाच कुठे पोचता येत नाही त्यावर दुकान मांडलं तर अडवणार कोण? एखादा पदपथ दोनशे मीटर सुरेख जातो आणि चौकाशी येऊन एका उंच कठड्यात संपतो. पुढे उतार नाही, ओलांडायला पट्टे नाहीत, पलीकडचा पदपथ दुसऱ्याच निविदेत आहे. मग चालणारा माणूस पहिल्यापासूनच खाली डांबरावरून चालतो. पदपथ रिकामा राहतो, आणि रिकामी जागा आपल्याकडे फार दिवस रिकामी राहत नाही.

भारतीय रस्ते काँग्रेसच्या पादचाऱ्यांविषयीच्या मार्गदर्शिकेत, २०१२ च्या आवृत्तीत, पदपथाची निर्वेध रुंदी किमान १.८ मीटर सांगितली आहे आणि कठड्याची उंची १५० मिलिमीटरहून जास्त नसावी असं म्हटलं आहे. दीडशे मिलिमीटर म्हणजे एक वीतसुद्धा नाही. त्याहून उंच कठडा गुडघे दुखणाऱ्या बाईला चढता येत नाही, चाकाच्या खुर्चीला तर नाहीच. आपल्याकडचे अभियंते तो उंच करतात, कारण खाली ठेवला तर गाड्या वर चढतात. गाड्यांच्या भीतीने माणसांचा रस्ता माणसांना बंद करायचा, यातली गंमत ज्याची त्याने ओळखावी.

रुळांचा प्रश्न आणखी अवघड आहे. फाटक होतं तेव्हा लोक वैतागायचे, पण फाटक उघडलं की सायकलवाला, हातगाडीवाला, शाळेची पोरं सपाटीवरून पलीकडे जात. फाटकाच्या जागी उड्डाणपूल आला की गाडी दोन मिनिटांत पार होते. पायी माणसाला मात्र आधी पुलाच्या पायथ्यापर्यंत उलटं चालायचं, मग चढायचं, मग उतरायचं आणि पलीकडे पुन्हा मागे यायचं. हिंगोली गेटला काय आणि शिवाजीनगरला काय, पुलाची लांबी गाडीच्या चढणीवरून ठरते. साहजिकच लोक रूळ ओलांडतात. रेल्वे अधिनियम १९८९ च्या कलम १४७ नुसार तो गुन्हा आहे, दंड आहे, कैदही होऊ शकते. कायदा बरोबरच आहे, माणसं मरतात. पण ज्या ठिकाणी शंभर वर्षं वाट होती तिथे पूल बांधताना खालून भुयारी पायवाट का मागितली गेली नाही, हा प्रश्न रूळ ओलांडणाऱ्या बाईला विचारून उपयोग नाही. नदीवरही वेगळं काही नाही. गोवर्धन घाटाचा पूल, नावघाटाचा पूल, दोन्हींवर रोज पायी येणारी-जाणारी माणसं आहेत, आणि नावघाटाचा पूल तर गोदावरी चढली की पाण्याखालीच जातो. सिडकोची मोलकरीण त्या दिवशी कामावर कशी पोचते? ऑटोला पैसे देऊन, मोठा वळसा घालून, नाहीतर खाडा करून.

उस्मानशाही मिल चालू होती तेव्हा मिलचा भोंगा आणि पायी निघालेला कामगारांचा लोंढा हेच या शहराचं घड्याळ होतं. मराठी, उर्दू, तेलुगू बोलणारी घरं एका वेळी एका वाटेने चालायची. मिल बंद पडली. त्या वाटेवरची ओळखदेखील हळूहळू पुसली गेली, कारण मुलं वेगवेगळ्या दिशांना, वेगवेगळ्या वाहनांनी कामाला जाऊ लागली. मी हे हळहळ म्हणून लिहीत नाही. मिलमधली मजुरी आणि गिरणीतला फुफाटा आठवणाऱ्यांना त्या दिवसांचं फार कौतुक नाही. पण पायांनी केलेल्या ओळखी कशा घडतात आणि कशा मोडतात, त्याचा एवढा ठळक नमुना दुसरा नाही.

लातूर जिल्ह्याला या बाबतीत एक धडा फार महागात मिळाला आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाची रात्र उलटताना, किल्लारी-सास्तूरच्या परिसरात भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंती आणि वरची मातीची माळवदं झोपलेल्या माणसांवर कोसळली. अरुंद गल्ल्यांत पळायला जागा नव्हती, बाहेर पडलेल्यांवरही भिंती आल्या. त्यानंतर जागतिक बँकेच्या साह्याने पन्नासहून अधिक गावं नव्या जागी वसवली गेली. भीती ताजी होती, म्हणून घरं सुटी, रस्ते रुंद आणि काटकोनात, प्लॉट मोठे. सुरक्षेच्या दृष्टीने ते चुकीचं नव्हतं. पण जुन्या गावात पाच मिनिटांत वेशीपासून मारुतीपर्यंत जाता यायचं. नव्या गावठाणात तेवढ्या वेळात आपलीच रांग संपायची नाही. शेत लांब पडलं. ओसरीवर बसून समोरच्या ओसरीशी बोलता यायचं तिथे मधे शहरातल्यासारखा रस्ता आला. भावकी आणि शेजार पुष्कळ ठिकाणी विखुरले. या गावांचा पुढे वास्तुशास्त्रज्ञांनी आणि समाजशास्त्रज्ञांनी अभ्यास केला, आणि पसरट आखणीची तक्रार त्यांना पुन्हा पुन्हा ऐकू आली. किल्लारीला गेलेला माणूस स्मारक बघतो. रस्त्यांची रुंदीही बघावी, असं मी सुचवेन.

लातूर शहरात चालणारा सर्वांत मोठा समूह आज कोणता? ट्यूशन एरियातली पोरं. लातूर पॅटर्नच्या नावावर राजर्षी शाहू, दयानंद अशा महाविद्यालयांकडे आणि खासगी शिकवण्यांकडे मराठवाड्याच्या कानाकोपऱ्यातून मुलं-मुली येतात. मेस एकीकडे, वसतिगृह दुसरीकडे, क्लास तिसरीकडे, आणि बहुतेकांकडे गाडी नाही. दिवेलागणीला क्लास सुटतात तेव्हा उद्योग भवनाच्या आसपास रस्ता पोरांनी भरून वाहतो. गावाकडून आलेल्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलीच्या बापाला एवढंच हवं असतं की पोरगी उजेडातून खोलीवर पोचावी. तो उजेड बऱ्याचदा महापालिकेच्या खांबाचा नसतो. पोह्यांच्या गाड्याचा, झेरॉक्सच्या दुकानाचा, पाणीपुरीवाल्याच्या बल्बचा असतो. जेन जेकब्स या अमेरिकन लेखिकेने १९६१ मध्ये न्यूयॉर्कच्या गल्ल्यांबद्दल हेच लिहिलं: रस्ता सुरक्षित ठेवतात ते त्यावर बसलेले, उभे असलेले, बघणारे लोक. म्हणून पदपथ मोकळे करण्याच्या नावाखाली सगळे गाडे एका रात्रीत उचलले जातात तेव्हा मला टाळ्या वाजवता येत नाहीत. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घ्यायला सांगितलं आहे. गाडा आणि चालणारा यांच्यात भांडण आहे ते जागेच्या आखणीचं. ती आखणी आपल्याकडे पोलिसांच्या काठीने होते.

याच शहरात एक संधी येऊन गेली. नॅरोगेजचं स्टेशन गावात होतं. ब्रॉडगेज आलं तेव्हा स्टेशन शहराबाहेर गेलं. मागे उरली ती वस्त्यांच्या मधून जाणारी, चढउतार नसलेली सलग जमीन. रेल्वेला तीव्र चढ चालत नाही, त्यामुळे तिची वाट म्हाताऱ्या पायांना आपोआप सोयीची असते. ‘जुनी रेल्वे लाईन’ हा पत्ता लोक अजून सांगतात. त्या पट्ट्याचा बराच भाग गाड्यांच्या रस्त्याच्या कामी आला. दोन्ही बाजूंच्या कॉलन्या आधी रुळांनी वेगळ्या केल्या होत्या, आता वाहतुकीने केल्या.

व्यापाऱ्यांची भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. गोलाईत गाड्या बंद करा म्हटलं की पहिला प्रश्न येतो, गिऱ्हाईक येणार कसं? पुण्यात महापालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरण स्वीकारलं, लक्ष्मी रस्ता एखाद्या दिवशी माणसांसाठी मोकळा करून बघितला. एका दिवसाच्या प्रयोगातून व्यापाराबद्दल काही सिद्ध होत नाही. मला जवळचं उदाहरण वाटतं ते पंजाबातल्या फाजिल्काचं. लातूरपेक्षा लहान, पाकिस्तानच्या सीमेवरचं गाव. २००८ मध्ये त्यांनी घंटाघराभोवतीचा बाजार गाड्यांना बंद केला. तिथे ना मेट्रो होती, ना बहुमजली वाहनतळ. सायकलरिक्षा होत्या आणि गावातल्याच लोकांनी धरलेला आग्रह होता. गोलाईच्या सोळांपैकी दोन रस्ते जरी संध्याकाळच्या तीन तासांसाठी असे करून बघितले, तर निदान भांडण अंदाजावर न होता अनुभवावर होईल.

मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की पदपथ वापरण्याचा पादचाऱ्याचा हक्क राज्यघटनेच्या एकविसाव्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. या निकालाचा आधार घेऊन पुढे काय मागायचं, हे प्रत्येक शहराला स्वतः ठरवावं लागेल. माझी मागणी लहान आहे: दर वर्षीच्या अंदाजपत्रकात एक सांधा. एक भुयारी वाट, एका पुलाच्या कडेला कठड्याआडची दीड-दोन मीटर जागा, एका चौकातला समपातळीवरचा ओलांडपट्टा. आणि सावली. मे महिन्यात पारा बेचाळीसच्या पुढे जातो तिथे कडुनिंबाची रांग ही शोभा नव्हे. रस्ता रुंद करताना सर्वांत आधी तीच तोडली जाते.

आपण चालायला कंटाळलो आहोत, हेही कुणी सांगू नये. कोजागरीच्या पौर्णिमेला लातूरहून तुळजापूरला सत्तरेक किलोमीटर अनवाणी जाणारी माणसं दर साल दिसतात. तीच माणसं कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानाला गाडी काढतात. कोपऱ्यावर जाताना देवीचं बळ नसतं आणि समोरून टेम्पो येत असतो.

पुस्तकातल्या नकाशांबद्दल थोडं सांगायला हवं. अंतरं मीटरऐवजी मिनिटांत दिली आहेत. सिग्नल बसवताना अभियंते माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो असं धरतात. आम्ही हातात पिशवी असलेल्या, साठी ओलांडलेल्या बाईची चाल धरली, त्यामुळे आमची मिनिटं गुगलच्या मिनिटांशी जुळणार नाहीत. तुटलेले सांधे लाल रंगात आहेत. गल्ल्यांची नावं लोक म्हणतात तीच ठेवली आहेत. पाटीवर दुसरं असेल तर ते कंसात आहे. विष्णुपुरी आणि लातूरच्या औसा रोडचा नवा भाग या आवृत्तीत घेता आला नाही, तिथे अजून प्लॉट पडत आहेत आणि रस्ते दर सहा महिन्यांनी बदलतात. सुरुवात नांदेडच्या लेबर कॉलनीपासून केली आहे. लातूर आधी वाचायचं असेल तर गोलाईच्या प्रकरणावर थेट गेलं तरी चालेल.